डावं कोपर

ऑपरेशन थिएटरमध्ये एक नियम असतो. निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालून टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात निर्जंतुक नसलेल्या कशाला लागलेला कुणी पाहिला आणि तसं म्हटलं, की त्या माणसाने वाद घालायचा नाही. मागे सरायचं, गाऊन-हातमोजे काढून टाकायचे आणि सगळं नवं घालून परत यायचं. सांगणारी फरशी पुसणारी आयाम्मा असो, ऐकणारा तीस वर्षं हाडं जोडणारा सर्जन असो. पहिल्या वर्षी वर्गात हे ऐकलं तेव्हा मला तो नियम फार आवडला होता. म्हटलं, चला, एका जागी तरी लहानमोठं काही नाही. मग इंटर्नशिप सुरू झाली आणि तो नियम मी एका बाईच्या हातात पाहिला.

ती आमच्या थिएटरची मुख्य सिस्टर. रुग्णालय खाजगी, एग्मोर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पन्नाशीच्या पुढची, बुटकी, टेबलाशी उभी राहायला तिला पायाखाली लोखंडी पाट लागायचा. मास्कच्या वर नुसते डोळे, आणि ते डोळे कायम माझ्या हातांवर. "पो," एवढंच म्हणायची. तमिळमध्ये पो म्हणजे जा. कशाला लागलं, कुठे लागलं, ते नाही. मी बाहेर जायची, हात धुवायची, परत यायची, आणि दहा मिनिटांनी पुन्हा "पो". पहिल्या महिन्यात एकाच केसमध्ये मी चार वेळा बाहेर गेले आणि चौथ्यांदा आत आले तेव्हा टाके घालून झाले होते.

थिएटर टेक्निशियन म्हणजे नेमकं काय, हे मला अजून आईला नीट सांगता आलेलं नाही. हत्यारं कुठल्या क्रमाने मांडायची, सर्जनने हात पुढे केला की न मागता त्यात काय ठेवायचं, पोट शिवण्याआधी आतले कापडाचे तुकडे मोजून बरोबर किती बाहेर आले, हे बघणारं माणूस. वडिलांनी विचारलं होतं, म्हणजे नर्स का? नाही म्हटलं. मग डॉक्टर? तेही नाही. "मग मधलं काय ते शिकतेय," असं ते लोकांना सांगायचे. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात. भुसावळकडून बदली होऊन आम्ही इकडे तमिळ मुलखात, आवडीला आलो तेव्हा मी दहावीत होते. क्वार्टर्समध्ये हिंदी चालायची, शाळेत इंग्रजी, त्यामुळे तमिळ मी शिकले ती थिएटरमध्ये, तीही ओरडा खाऊन. "कै मेले" म्हणजे हात वर, हे माझं तमिळमधलं पहिलं पाठ झालेलं वाक्य. तिथे सगळे मला हिंदीवाली म्हणायचे. मी मराठी आहे असं सांगितलं की म्हणायचे, तेच ते.

दुसऱ्या महिन्यात कपडे बदलायच्या खोलीत मी आईशी फोनवर बोलत होते. मराठीत बोलतेय म्हणजे बिनधास्त. म्हटलं, आई, ही म्हातारी नुसती नाकाने कांदे सोलते, हिला कोपरापासून नमस्कार. कपाटांच्या रांगेमागून आवाज आला, "मज अस्कं कळतें."

अस्कं म्हणजे सगळं. ती तंजावरकडच्या मराठी घरातली होती. तीनशे वर्षांपूर्वी कुणी तिकडून इकडे आलं होतं, आणि घरात अजून तसलं मराठी बोलत होते. मला शरमेने मेल्यासारखं झालं, पण त्याहून जास्त राग आला. इतके दिवस कळत होतं तर एक शब्द बोलायला काय झालं होतं? आईला मात्र आनंदाचं भरतं आलं. आपलंच माणूस गं, गोड बोल जरा, ती सांभाळून घेईल. दिवाळीला तिने डबाभर चकल्या आणि बेसनाचे लाडू दिले. मी तो डबा सिस्टरच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या शुद्ध मराठीत म्हटलं, आईने पाठवलंय. संध्याकाळी डबा माझ्या कपाटाच्या दारात होता, बांधलेला रुमालसुद्धा सोडलेला नव्हता. ज्यांच्या वहीवर सही करायची त्यांच्या घरचं आपण खात नाही, असं तिने आयाम्माकरवी तमिळमध्ये कळवलं. आपलं माणूस म्हणे. आईने ते लाडू शेजारी वाटून टाकले.

ती वही हाच सगळा खेळ होता. मुख्य टेक्निशियन म्हणून तीस केसेसना उभं राहायचं, प्रत्येक केसवर सिस्टरची सही घ्यायची, मग प्रमाणपत्र. वडील मे अखेरीला निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडायची होती आणि सामान भुसावळला जायचं होतं. मी मेपर्यंत संपवलं तर सगळ्यांबरोबर जाणार, तिकडे नोकरी शोधणार. आईने भुसावळच्या दोन दवाखान्यांत विचारूनही ठेवलं होतं. नाही संपवलं तर इथेच, एकटीने. मार्चमध्ये माझ्या अठ्ठावीस केसेस झाल्या होत्या. दोन उरल्या होत्या.

एकोणतिसावी केस गुडघा बदलण्याची होती. अड्यारच्या एका शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या बाई. या ऑपरेशनला कंबरेखाली भूल देतात, पेशंट जागा असतो, फक्त छातीवर पडदा आडवा असतो. मांडीला हवेचा पट्टा आवळून पायातलं रक्त थांबवतात, आणि तो फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून भूल देणारे डॉक्टर मिनिटं सांगत असतात. हाडाला जंतू लागले तर बसवलेला सांधा काढावा लागतो, कधी कधी पायावरही बेततं. म्हणून या केसला सगळे जास्तच ताणलेले. मी आदल्या दिवशी ट्रेचा क्रम चारदा पाठ केला होता. सकाळी आवडीहून लोकलने निघाले तेव्हा वडील फाटकापर्यंत सोडायला आले होते. मी तासभर आधी जाऊन मांडामांड केली, हात धुतले, गाऊन चढवला, टेबलाशी उभी राहिले. सर्जन आत आले. आणि सिस्टर म्हणाली, "पो."

मी हलले नाही. कशाला लागलं, विचारलं. नियम मोडला मी, तेवढा मोडला. ती म्हणाली, हात कंबरेच्या खाली गेले. कंबरेखालचं निर्जंतुक धरत नाहीत. गेले नव्हते. अजूनही मी शपथेवर सांगेन की गेले नव्हते. सर्जन घड्याळाकडे बघून म्हणाले, सिस्टर, तुम्हीच उभ्या राहा, उशीर होतोय. ती पाटावर चढली, माझ्या मांडलेल्या ट्रेसमोर. मी गाऊन काढून कोपऱ्यात उभी राहिले, पाकिटं उघडून द्यायला. माझी केस गेली. मास्कच्या आत मी रडत होते आणि नाक पुसायला मास्क काढता येत नव्हता.

हाड कापून झालं होतं. सिस्टर पुढे वाकून सर्जनच्या हातात काहीतरी देत होती. तिचं डावं कोपर सलाइनच्या स्टँडपासून वीतभर लांब होतं, चांगलं वीतभर. मी पाहत होते. आणि मी म्हणाले, "सिस्टर, डावं कोपर. स्टँडला लागलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळं थांबलं. तिने एक क्षण स्वतःच्या कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटावरून उतरली, मागे सरली, गाऊन काढला, हातमोजे काढले. दुसरा गाऊन आणायला मीच गेले, कारण ते माझंच काम होतं. सर्जन दोन्ही हात छातीशी धरून उभे. भूल देणारे डॉक्टर मिनिटं सांगत होते, दर मिनिटाला जरा मोठ्याने. पडद्याच्या पलीकडून बाईंनी विचारलं, "मुडिंजिदा?" झालं का? कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग काहीतरी चुकलंय का, असं विचारलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

सहा मिनिटं गेली. मग काम पुढे सुरू झालं, सांधा बसला, टाके पडले, बाई बऱ्या होत्या. मी खोटं सांगत नाही, ती सहा मिनिटं आणि त्यानंतरचा तास मला मजा आली. कारण सिस्टर त्यानंतर कोपर अंगाला घट्ट चिकटवून काम करत होती. तिला स्वतःची खात्री वाटत नव्हती. आठ महिने मी जशी उभी राहत होते तशी ती उभी होती, आणि मला बरं वाटलं.

दुपारी हत्यारं धुवायच्या खोलीत ती आली. दार लोटलं. वही तिच्या हातात होती. तिने तमिळमध्ये विचारलं, खरंच लागलं होतं का. रागाने नाही. खरोखर जाणून घ्यायचं होतं तिला. म्हणाली, मला कळलं नाही लागलेलं, आजवर असं झालं नाही, वय झालं असेल.

हो म्हणायला काय जात होतं? कुणी पाहिलं नव्हतं. ती मानायला तयारच होती. हो म्हटलं असतं तर पुढे कदाचित तिने पाटावर उभं राहणंच कमी केलं असतं आणि माझ्या दोन केसेस एका आठवड्यात झाल्या असत्या. माझ्या तोंडात तो हो आला होता. पण भूल उतरायच्या खोलीतून मी नुकतीच आले होते आणि शिवणाच्या बाईंनी मला विचारलं होतं, तुम्ही सगळे गप्प का झाला होतात, मी मरतेय असं वाटलं मला. मी म्हणाले, "नाही. नव्हतं लागलं."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने वही ट्रॉलीवर ठेवली, पेन काढलं, आणि अठ्ठावीस सह्यांवर एक तिरपी रेघ मारली. खाली इंग्रजीत लिहिलं, सहा महिने पुन्हा. पहिल्यापासून. मग वही माझ्या ओल्या हातात दिली आणि गेली. मी प्राचार्यांकडे गेले, रडले, भांडले. ते म्हणाले, थिएटरमध्ये तिचा शब्द शेवटचा. घरी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, खोटं बोललीस ते बोललीस, मग खरं कशाला बोललीस? आई त्यांच्यावर चिडली. पण मीही तेच विचारत होते स्वतःला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसेसची यादी सांगायच्या वेळी सिस्टरने सगळ्यांसमोर सांगितलं. सर्जन, भूल देणारे, इतर इंटर्न, आयाम्मा, सगळे. काल हिने जे सांगितलं ते खोटं होतं, एवढंच. नावं ठेवली नाहीत, उपदेश केला नाही. त्याची गरज नव्हती. त्या दिवसापासून मी काहीही बोलले की कुणीतरी म्हणायचं, "निजमावा?" खरंच? चहा आला म्हटलं, निजमावा? पेशंट बाहेर आणलाय म्हटलं, निजमावा? आयाम्मासुद्धा हसायची. मी कापडाचे तुकडे मोजून आकडा सांगितला की दुसरी मुलगी पुन्हा मोजायची, माझ्या डोळ्यांसमोर. भूल देणारे डॉक्टर एकदा म्हणाले, कोर्टात साक्षीदार आणि थिएटरमध्ये टेक्निशियन, एकदा फुटला की फुटला. ते विनोद करत होते. मी त्या रविवारी दिवसभर जेवले नाही.

मेच्या शेवटी सामान ट्रकमध्ये चढलं. आईवडील गाडीने गेले आणि मी एग्मोरच्या एका मुलींच्या वसतिगृहात खाट घेतली. वडील फोनवर म्हणायचे, लांडगा आला रे आला ती गोष्ट लहानपणी तुला इतक्यांदा सांगितली आणि तरी तू अशी. मी म्हणायचे, बाबा, त्या गोष्टीतल्या पोराला निदान मेंढरांपाशी एकट्याला बसायला मिळत होतं. इथे दिवसभर माणसं, आणि एकही माझ्याशी बोलत नव्हतं. सिस्टर तर अजिबात नाही. "पो" मात्र चालू होतं. मी वाद घालत नव्हते आता. जात होते, येत होते. तिचा राग तसाच होता मनात, उलट मुरत होता. रेघ मारलेल्या पानापुढे सह्या पुन्हा एक एक करून वाढत होत्या.

सप्टेंबरात पुन्हा गुडघाच होता. पेशंट आवडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वडिलांच्या वयाचे. वडिलांना ओळखत असतील का, असं मनात आलं होतं, पण विचारलं नाही. मुख्य टेक्निशियन मी. पलीकडे मदतीला सिस्टर. नवा सांधा खोक्यातून निघायच्या बेतात होता. सर्जनने दिवा जरा सरकवायला हात वर केला. दिव्याला निर्जंतुक मूठ असते, ती धरायची. त्यांनी मूठच धरली, पण उजव्या हाताची मागची बाजू वरच्या दांड्याला घासली. निसटती. मी पाहिली.

सांगू नये असं वाटलं. अगदी खरं सांगते, वाटलं, कशाला. हात दाखवून अवलक्षण. इथे कोण मानणार आहे? मग सर्जनचा तोच हात सांध्याकडे जाताना दिसला आणि मी म्हणाले, "सर, उजवा हात. मागून दिव्याला लागला."

ते थांबले. म्हणाले, शक्य नाही. मागे कुणीतरी मास्कमध्ये हळूच म्हणालं, निजमावा. दोघं हसले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पट्ट्याची मिनिटं सांगितली. सर्जनने माझ्याकडे पाहिलंच नाही, सिस्टरकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही पाहिलंत?

तिने पाहिलं नव्हतं. ती खाली मान घालून सुईत धागा घेत होती, ते मला दिसत होतं. तेच ती म्हणाली, "नाही. मी पाहिलं नाही." माझे कान तापले. संपलं, वाटलं. आता सांधा बसणार, त्याच हाताने, आणि मी बघत उभी राहणार.

मग ती म्हणाली, "बदला, सर."

ते म्हणाले, हिच्या बोलण्यावर? गेल्या वेळचं विसरलात का? पाकिटं उघडून देणाऱ्या मुलीला तिने मानेने खूण केली, नव्या हातमोज्यांचं पाकीट उघडवलं आणि ते हातमोजे सर्जनसमोर ताणून धरले. हात घालायचे तेवढे उरले होते. ते दातओठ खात मागे सरले. गाऊनसुद्धा बदलला. चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत कुणी हसलं नाही.

केस संपल्यावर मी हत्यारं धुवायच्या खोलीत होते. ती आली, वही उघडली, सही केली. तीसपैकी चोविसावी. दिवाळीच्या त्या डब्यानंतर मी तिच्याशी मराठीत बोलले नव्हते, तेव्हा बोलले. म्हटलं, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, त्याबद्दल...

तिने पुढे बोलू दिलं नाही. तिनेही मराठीतच उत्तर दिलं, त्या घरच्या जुन्या मराठीत, तमिळ हेल काढून. "तुज नंबलें म्हणून नाही," ती म्हणाली. नंबणं म्हणजे भरवसा ठेवणं, तमिळ शब्दाला मराठी शेपूट. "तूं खोटं बोललीस तर हातमोजे गेले. खरं बोललीस आणि बदललं नाही तर त्या माणसाचा पाय गेला." आणि पेनाला टोपण घालून ती निघून गेली.

मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती, की तिने मला खरं मानावं. ती तिने शेवटपर्यंत दिली नाही. मला तेव्हा तिचा इतका राग आला की हातातला चिमटा नळाखाली आपटावासा वाटला, कारण ती म्हणाली त्यात एकही अक्षर चूक नव्हतं. मी खरी की खोटी, हा प्रश्न टेबलावरच्या माणसाच्या कामाचाच नव्हता. त्याच्या कामाचं एवढंच होतं, की मी तोंड उघडलं. आणि ते मी जवळजवळ उघडणारच नव्हते, मला कुणी खरं मानत नाही या रागापायी.

मी चिमटा धुतला, पुसला, ट्रेमध्ये जागेवर ठेवला. मग बाहेर जाऊन तिच्याकडे उद्याच्या केसेसची यादी मागितली.